मर्यादित बजेटमध्ये पिकअप घेताना पैसे नेमके कशावर घालावेत?

ओझेवाहू

नमस्कार. मी बागकामाची छोटी कंत्राटे घेतो आणि माती, खत, कुंड्या, रोपे वाहण्यासाठी आजवर भाड्याच्या गाडीवर भागवत आलो आहे. आता स्वतःची पिकअप घेण्याइतकी रक्कम जमली आहे. ती रक्कम ठरलेली आहे आणि कोणत्याही कारणाने तिच्या वर जायचे नाही, हे घरात आधीच ठरले आहे.

त्या रकमेत तीन गाड्या बसत आहेत. पहिली कोरी, एका केबिनची, मागच्या चाकांवर चालणारी आणि अगदी साधी. दुसरी कोरी, दोन केबिनची (म्हणजे मागेही सीटची ओळ असलेली), पण तिचे सर्वांत खालचे मॉडेल. तिसरी पाच वर्षे वापरलेली, दोन केबिनची, सर्वांत वरचे मॉडेल: चारही चाकांना जोर, चामड्याच्या सीट, मोठा पडदा (स्क्रीन), वीस इंची अलॉय चाके. आठवड्याचे पाच-सहा दिवस माल आणि सुट्टीला आम्ही चौघे, असा वापर राहील. पाणी द्यायला ५०० लिटरची टाकी हौद्यात ठेवावी लागते आणि महिन्यातून एक-दोनदा खड्डे घेण्याचे यंत्र ट्रेलरवर न्यावे लागते.

हव्याशा वाटणाऱ्या सुविधांची यादी मी कागदावर केली, तर ती तेवीस कलमांची झाली. मन तिसऱ्या गाडीकडे ओढ घेते आहे, हे लपवत नाही. ही यादी कशी छाटावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

काटेकोर

यादी तूर्तास बाजूला ठेवावी आणि एक वही घ्यावी, असे सुचवतो. पुढचे काही आठवडे भाड्याच्या गाडीतून जे जे नेता, त्याचे वजन, त्या दिवशी गाडीत किती माणसे होती आणि रस्ता कसा होता, एवढेच तीत लिहा. पिकअप घेताना बहुतेक जण वर्षातून दोनदा येणारा अवघड दिवस डोळ्यांसमोर ठेवतात आणि उरलेल्या दिवसांचा खर्च त्या दोन दिवसांसाठी भरत राहतात.

आता भारक्षमतेचा हिशेब. गाडीचे भारासह कमाल वजन उत्पादकाने ठरवून दिलेले असते. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की जे उरते, तेवढेच तुमचे. उदाहरणादाखल कमाल वजन ३००० किलो आणि रिकामी गाडी १९५० किलो धरली, तर १०५० किलो उरतात. हा आकडा मोठा दिसतो, पण माणसेही त्यातच मोजायची असतात. चौघांचे सरासरी ७० किलो धरले तर २८० गेले, मागचा हूक, अवजारांची पेटी आणि हौद्यावरचे झाकण मिळून आणखी शंभर-सव्वाशे गेले, म्हणजे मालासाठी साडेसहाशेच्या आसपासच राहिले. युरोपातील व्याख्येनुसार रिकाम्या गाडीच्या वजनात ७५ किलोचा चालक आणि बहुतांश भरलेली इंधनाची टाकी आधीच धरलेली असते, तर अन्यत्र चालक वेगळा मोजतात. म्हणून माहितीपत्रकातला आकडा कोणत्या पद्धतीचा आहे, हे तळटीप वाचून पाहा.

याच हिशेबातून एक गोष्ट निघते, जी विक्रेता सहसा सांगत नाही. सुविधांनाही वजन असते. दुसरी केबिन, पुढच्या चाकांचा एक्सल, जोर वाटून देणारी पेटी, जाड सीट, मोठी चाके हे सारे रिकाम्या गाडीच्या वजनात जाते, आणि कमाल वजनाची मर्यादा त्या प्रमाणात वाढवलेली नसेल तर तेवढाच माल कमी बसतो. त्यामुळे एकाच घराण्यातील सर्वांत महाग पिकअप पुष्कळदा सर्वांत कमी ओझे उचलते. तुमच्या तिसऱ्या गाडीबाबत हे आधी तपासा.

हौदा भरला म्हणजे गाडी भरली, ही समजूतही सोडून द्यावी. दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर खोल हौद्यात सुमारे एक घनमीटर माल मावतो. ओलसर मातीचा घनमीटर दीड टनाच्या वर सहज जातो. म्हणजे हौदा काठोकाठ भरण्याच्या कितीतरी आधी तुमची मर्यादा ओलांडलेली असते आणि डोळ्यांना मात्र हौदा अर्धा रिकामा दिसतो.

मोजपट्टी

काटेकोर यांच्या हिशेबाला एक जोड देतो. किती किलो याइतकेच ते किलो कुठे ठेवले, हेही महत्त्वाचे असते. दोन केबिनच्या पिकअपमध्ये हौदा आखूड आणि मागे सरकलेला असतो, त्यामुळे मालाचा मोठा भाग मागच्या एक्सलच्या वर किंवा त्याच्याही मागे येतो. समजा, पुढच्या आणि मागच्या चाकांत तीन मीटर अंतर आहे आणि मागच्या एक्सलच्या १.२ मीटर मागे तुम्ही १०० किलोची वस्तू ठेवली. तरफेच्या नियमाने मागच्या एक्सलवर १४० किलो भार वाढतो आणि पुढच्या चाकांवरून ४० किलो उचलला जातो. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा एक्सल मर्यादेबाहेर जाऊ शकतो, आणि पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग हलके लागते, ब्रेकही पूर्ण पकडत नाही. जड माल म्हणूनच केबिनच्या भिंतीला टेकवून ठेवायचा.

हौद्याचे माप माहितीपत्रकावरून घेऊ नका, पट्टी घेऊन जा. आत उतरून तीन मापे घ्या: फाळका बंद असताना तळाची लांबी, दोन चाकांवरच्या उंचवट्यांमधली रुंदी आणि जमिनीपासून हौद्याच्या तळापर्यंतची उंची. चार फूट बाय आठ फुटांचा प्लायवूडचा पत्रा म्हणजे १२२० बाय २४४० मिलिमीटर. मध्यम आकाराच्या बऱ्याच पिकअपमध्ये उंचवट्यांमधली जागा १२२० मिलिमीटरपेक्षा कमी असते, म्हणून तो पत्रा सपाट बसत नाही आणि तिरका टेकवावा लागतो. तुम्हाला पत्रे न्यायचे नसले तरी कुंड्यांचे क्रेट एका ओळीत किती बसतात, ते याच मापावर ठरते. तळाच्या उंचीकडे तर कुणी लक्षच देत नाही. चारही चाकांना जोर असलेल्या मॉडेलचा हौदा बहुधा जास्त उंच असतो आणि दिवसातून साठ वेळा कुंडी उचलणाऱ्या पाठीला तो फरक संध्याकाळपर्यंत चांगलाच जाणवतो.

दोर बांधायच्या कड्या तळाशी आहेत की फक्त वरच्या काठावर, हेही पाहून घ्या. वरच्या काठावर बांधलेली जड वस्तू तळावर सरकतच राहते.

चिखलवाट

चारही चाकांच्या जोराबद्दल लिहितो, कारण तिसऱ्या गाडीचे खरे आकर्षण तेच दिसते. रिकाम्या पिकअपचे मागचे टोक हलके असते, म्हणून ओल्या गवतावर मागची चाके जागच्या जागी फिरू लागतात. साधे डिफरन्शियल, म्हणजे एक्सलवरची जोर वाटणारी गिअरची जोडणी, दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. एक चाक चिखलात मोकळे फिरू लागले की त्याला लागणारा जोर अगदी थोडा असतो, आणि कोरड्या जागेवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच थोडा जोर मिळतो. मागच्या डिफरन्शियलला लॉक असेल तर दोन्ही चाके एकत्र फिरतात आणि ज्याच्याखाली पकड आहे ते चाक गाडी बाहेर काढते. मागच्या चाकांवर चालणारी पिकअप, मागचे लॉक आणि चांगल्या खाचांचे टायर एवढ्यावर बागेतली, शेतातली, बांधकामावरची बहुतेक कामे निभतात. शिवाय वजन कमी, इंधन कमी आणि दुरुस्तीची जागाही कमी.

अनेक पिकअपमध्ये चारही चाकांचा जोर फक्त निसरड्या रस्त्यासाठी असतो, हेही ध्यानात घ्यावे. मधले डिफरन्शियल नसलेल्या व्यवस्थेत पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांशी घट्ट जोडले जातात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसल्यामुळे तो ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. विकत घेतले म्हणून रोज वापरले, असे करण्याची ती वस्तूच नाही.

जुनी स्टेपनी

चिखलवाट यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. चारही चाकांच्या व्यवस्थेबरोबर जो खालचा गिअर (लो रेंज, म्हणजे सगळेच गिअर आणखी संथ आणि जोरकस करणारी जोड) मिळतो, त्याची किंमत त्यांनी हिशेबात धरलेली नाही. ट्रेलर लावून ओल्या चढावर गाडी उलटी न्यायची वेळ आली की साध्या रिव्हर्स गिअरमध्ये क्लच अक्षरशः जळतो, तर खालच्या गिअरमध्ये तीच गाडी मुंगीच्या पावलांनी, क्लचला त्रास न देता वर चढते. शिवाय हे नंतर बसवता येत नाही. महिन्यातून दोनदा जाणारा तो ट्रेलर कुठे न्यावा लागतो, यावर हा निर्णय अवलंबून आहे. सपाट फरसबंदीवर न्यायचा असेल तर मी माझा आक्षेप मागे घेतो.

वापरलेल्या गाडीबद्दल मात्र स्वतःचा अनुभव सांगितलाच पाहिजे. माझी पहिली पिकअप मी अशीच, वरचे मॉडेल म्हणून, जुनी घेतली होती. रंग आरशासारखा, सीट नव्यासारख्या, हौद्यात काळे प्लास्टिकचे जाड अस्तर. पहिल्या पावसाळ्यानंतर हौद्यात पाणी साचल्याचा वास येऊ लागला म्हणून ते अस्तर उचलले, तर खाली ओली वाळू, कुजलेली पाने आणि पत्र्याला पडलेली तळहाताएवढी दोन भोके होती. वरून टाकलेले असे अस्तर हलते, पत्र्यावरचा रंग घासते आणि खाली पाणी धरून ठेवते. फवारून बसवलेल्या अस्तराखाली असे पाणी शिरत नाही. विक्रेत्याला ते ठाऊक होते की नव्हते, कोण जाणे. मी अस्तराचा कोपरा उचलून पाहिला नाही, ही चूक माझीच.

म्हणून जुनी गाडी पाहायला जाताना टॉर्च, जुना स्क्रू ड्रायव्हर आणि अंगावर मळके कपडे, एवढी तयारी ठेवा. गाडीखाली आडवे व्हा. चासीला मागचे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे टांगलेले असतात, त्या जागेभोवती स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगले लोखंड खणखणीत वाजते, गंजाने खाल्लेले बद्द वाजते आणि पापुद्रे खाली पडतात. नुकताच फासलेला काळा डांबरी रंग दिसला तर संशय वाढवा. मग पाटे पाहा. रिकाम्या गाडीत ते अगदी सपाट झालेले असतील, किंवा मूळ पाट्यांत एखादा नवा कोरा पाटा घुसवलेला असेल, तर त्या गाडीने क्षमतेबाहेर ओझे वाहिले असण्याची शक्यता मोठी आहे. मागच्या हुकाचा गोळा घासून चपटा झाला असेल, तर तिने ट्रेलर भरपूर ओढला आहे, विक्रेता काहीही म्हणो. ऑटोमॅटिक गिअर असेल तर त्याच्या तेलाचा वास घ्या. जळकट वास आणि काळपट रंग आला तर सरळ घरी यावे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, त्यांत पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी कमी चाललेली आहे असे सांगितले जाते आणि चार टायर चार वेगवेगळ्या वर्षांचे निघतात, तेव्हा पुढचे बोलणे आपोआप सोपे होते.

हिशेबवही

इंजिनाबद्दल थोडक्यात लिहितो. पिकअप म्हणजे डिझेल, असे समीकरण आपल्या डोक्यात घट्ट बसले आहे आणि ओझ्यासाठी इंजिन संथ फिरत असतानाच मिळणारा जोर पाहता ते चूकही नाही. पण अलीकडच्या डिझेल गाड्यांच्या धुरांड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमानाला जाळून साफ करावी लागते, आणि त्यासाठी इंजिन पुरेसे तापून काही वेळ सलग चालावे लागते. दिवसभर दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारून इंजिन बंद करणाऱ्याची गाळणी तुंबते आणि तिची दुरुस्ती खिसा रिकामा करते. तुमच्या वहीत वजनाबरोबर प्रत्येक फेरीचे अंतरही लिहा. फेऱ्या आखूड असतील तर पेट्रोलचा विचार करण्यात कमीपणा नाही.

जुन्या गाडीत आणखी एक गोष्ट तपासा, जी तुमच्या तेवीस कलमांत बहुधा नसेल. घसरणारी गाडी आपोआप सावरणारी स्थिरता नियंत्रण व्यवस्था, म्हणजे ईएससी. उंच बांधणी आणि रिकामे असताना हलके मागचे टोक यामुळे पिकअपला तिची गरज साध्या कारपेक्षा जास्त असते. अमेरिकेत ४५३६ किलोपर्यंतच्या नव्या वाहनांना ती २०१२च्या मॉडेलपासून सक्तीची झाली आणि युरोपीय संघात २०१४च्या नोव्हेंबरपासून सर्व नव्या कार आणि हलक्या मालवाहू वाहनांना. त्याआधीच्या किंवा अशी सक्ती नसलेल्या बाजारातील गाडीत ती वरच्या मॉडेलला असते आणि खालच्याला नसते, असा प्रकार आढळतो. अपघात चाचणीचे तारेही कोणत्या वर्षीच्या, कोणत्या मॉडेलला मिळाले आहेत ते वाचावे. फक्त नाव तेच म्हणून ते तारे आपल्या गाडीला लावू नयेत.

यादी छाटायची माझी पद्धत एकाच प्रश्नाची आहे: हे नंतर बसवता येईल का? पडदा, उलटे जाताना दाखवणारा कॅमेरा, अस्तर, हौद्याचे झाकण, सीटची आवरणे, दिवे हे सारे हातात पैसे आले की एकेक करून बसवता येते. एअरबॅग, ईएससी, केबिनचा प्रकार, हौद्याची लांबी, एक्सलची क्षमता हे नंतर येत नाही. मागचे लॉक बाहेरून बसवता येते, पण तो उद्योग महागात पडतो. ठरलेली रक्कम या दुसऱ्या गटावर आधी संपवावी.

आणि वीस इंची चाकांचा मोह टाळावा. त्यांच्यावरच्या टायरची बाजू उंचीने कमी असते, खड्ड्याचा दणका रिमला बसतो, आणि बदलताना टायर महागही मिळतात. सोळा-सतरा इंची साधी लोखंडी चाके ओझ्याच्या गाडीला शोभून दिसतात, निदान माझ्या डोळ्यांना. टायरवरचा भारांकही वाचा. १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. जुन्या गाडीला कुणी स्वस्तातले कारचे टायर चढवलेले असतील, तर ते इथेच उघडे पडते.

मोजपट्टी

ट्रेलरबद्दल राहिलेच. ओढण्याची क्षमता आणि वाहण्याची क्षमता या दोन्ही एकाच वेळी पूर्ण वापरता येतात, असे समजू नये. गाडी आणि ट्रेलर यांच्या एकत्रित वजनालाही मर्यादा असते. उदाहरणार्थ ती ६००० किलो असेल आणि ट्रेलर ३५०० किलोचा असेल, तर गाडीला २५०० उरतात. त्यातून रिकाम्या गाडीचे २१०० वजा केले की माणसे आणि माल मिळून ४०० किलो. शिवाय ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा भाग हुकावर दाबला जातो आणि तो मागच्या एक्सलच्याही मागे असतो, म्हणजे वर सांगितलेली तरफ इथेही लागू होते. तुमचे यंत्र काही ३५०० किलोचे नसणार, पण पाण्याची टाकी आणि ट्रेलर एकाच दिवशी नेणार असाल तर हा हिशेब कागदावर करून पाहा.

ओझेवाहू

सर्वांचे मनापासून आभार. मधे सहा आठवडे गेले, कारण काटेकोर यांनी सांगितलेली वही खरोखरच ठेवली. एका दिवशी भरलेली गाडी वजनकाट्यावरही नेली.

वहीत जे निघाले त्याने मीच चकित झालो. बहुतेक दिवशी माल ३०० ते ४५० किलोच्या दरम्यान होता. सर्वांत जड दिवस पाण्याच्या टाकीचा होता: टाकी, पाणी, नळी, पंप आणि दोन गोणी खत मिळून ६४० किलो, आणि बरोबर आम्ही तिघे. चिखलात गाडी रुतली ती एकदाच, तीही एकच चाक फिरत राहिल्यामुळे. ट्रेलर तीनदा नेला आणि तिन्ही वेळा रस्ता पक्का होता, म्हणून जुनी स्टेपनी यांचा आक्षेप नाइलाजाने बाजूला ठेवतो आहे. फेऱ्या मात्र आखूड नाहीत, रोज सकाळ-संध्याकाळ मोठा पल्ला आहे, त्यामुळे डिझेल चालेल असे वाटते.

तिसरी गाडीही पाहून आलो. मळके कपडे घालून गेलो, त्यामुळे विक्रेता जरा बिचकला. गाडीखाली काही वावगे दिसले नाही, पण दाराच्या चौकटीवरची पट्टी वाचली तर तिची भारक्षमता दुसऱ्या गाडीपेक्षा १७० किलोने कमी निघाली. टाकीच्या दिवशी आम्ही तिघे बसलो की ती मर्यादेच्या बाहेर जाते. मन अजून त्या चामड्याच्या सीटांवरच आहे, पण हात आखडता घेतला.

दुसरी गाडी ठरवली आहे: दोन केबिन, खालचे मॉडेल, सहा एअरबॅग, ईएससी, सतरा इंची लोखंडी चाके. मागचे लॉक वेगळे पैसे भरून कारखान्यातूनच बसवून मिळते आहे. त्यासाठी यादीतली एकोणीस कलमे खोडली. आता दोन शंका आहेत. चालवून पाहिली तेव्हा पाटे ताठ असल्यामुळे रिकामी गाडी फार आदळली आणि घरची मंडळी तक्रार करत आहेत. मागे वाळूची पोती ठेवावीत, असे एकाने सुचवले. दुसरे म्हणजे टाकी अर्धी रिकामी झाल्यावर ब्रेक मारला की पाणी पुढे येऊन गाडीला धक्का देते. त्यावर काय करावे?

काटेकोर

वाळूची पोती ठेवू नका. भारक्षमता आणि इंधन दोन्ही जाते आणि जोरात ब्रेक लागला तर सुटे पोते केबिनवर येऊन आदळते. पुष्कळ पिकअपच्या पट्टीवर मागच्या टायरसाठी हवेचे दोन आकडे असतात, एक रिकाम्या गाडीसाठी आणि एक भरलेल्या. बहुतेक लोक वर्षभर भरलेल्या गाडीची हवा ठेवतात आणि मग पाट्यांना दोष देतात. सुट्टीच्या आदल्या दिवशी हवा रिकाम्या गाडीच्या आकड्यावर आणा आणि सोमवारी माल भरण्यापूर्वी पुन्हा वाढवा. तेवढ्याने बराच फरक पडतो.

चिखलवाट

टाकीसाठी आत आडव्या भिंती असलेली टाकी मिळते, तीत पाणी एकदम पुढे धावत नाही. ती परवडत नसेल तर ५०० लिटरच्या एका टाकीऐवजी अडीचशेच्या दोन घ्या आणि आधी एक पूर्ण रिकामी करून मगच दुसरीला हात लावा. भरलेली टाकी केबिनच्या भिंतीला टेकलेली ठेवा आणि पट्टे तळाच्या कड्यांना बांधा. थोडे अंतर गेल्यावर थांबून पट्टे एकदा पुन्हा आवळा, कारण प्लास्टिकची टाकी भरल्यावर फुगते आणि रिकामी होताना आक्रसते, तेव्हा सकाळी घट्ट बांधलेला पट्टा दुपारपर्यंत ढिला झालेला असतो.